घरचे वाय-फाय आणि दारावरचे कॅमेरे

विषय तसा घरगुती आहे, आणि व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर तो का मांडावा असा प्रश्न काहींच्या मनात येईलही. परंतु गेल्या चार-सहा वर्षांत मीरा रोड आणि भाईंदरच्या ज्या ज्या इमारतीत सभेच्या किंवा सोयरिकीच्या निमित्ताने जाणे झाले, तेथे दोन तक्रारी हटकून कानी आल्या. एक, ‘आमचे वाय-फाय फार हळू चालते’. दुसरी, ‘दारावर कॅमेरा बसवला आहे, पण बघायला जावे तर नुसते चक्र फिरत राहते’. दोन्ही तक्रारी बहुधा एकाच घरातून येतात. तथापि त्या सख्ख्या बहिणी आहेत हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. पहिलीचे कारण पुष्कळदा दुसरीत असते आणि दुसरीचे पहिलीत. दोघींवर सरसकट केला जाणारा इलाज म्हणजे कंपनीकडून आणखी मोठी, आणखी महाग योजना घेणे. शंभरची तीनशे करा, तीनशेची पाचशे करा. पैसे जातात, आणि चक्र फिरतच राहते.

मी इंजिनियर नव्हे. कारखान्यांच्या दारांत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात माझे आयुष्य गेले. जे थोडे शिकलो ते ग्रंथालयातील पुस्तकांतून आणि जाणकारांना प्रश्न विचारून विचारून. तेव्हा ज्याचा पडताळा कोणाही सामान्य माणसाला घरबसल्या घेता येईल, तेवढेच येथे सांगणार आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेऊ. घरात इंटरनेट येते ते दोन टप्प्यांनी. रस्त्यावरून किंवा गच्चीवरून काचेची जी बारीक तार, म्हणजे फायबर, आपल्या घरातील पेटीपर्यंत येते तो पहिला टप्पा. त्या पेटीपासून, म्हणजे राऊटरपासून, मोबाईलपर्यंत, टीव्हीपर्यंत आणि कॅमेऱ्यापर्यंत जे हवेतून जाते तो दुसरा. कंपनी शंभर किंवा तीनशे मेगाबिट विकते ते पहिल्या टप्प्याचे. दुसऱ्याबद्दल तिने कसलेही वचन दिलेले नसते. पाण्याचा दाखला मीरा-भाईंदरकरांना फोड करून सांगावा लागत नाही. तळाच्या टाकीत टँकर रिकामा केला म्हणून चौथ्या मजल्यावरच्या नळाला धार येतेच असे नाही. मधला पंप कसा आहे आणि मधला पाइप केवढा आहे यावर ते ठरते. कॅमेऱ्याची रड बहुतेक वेळा या मधल्या पाइपाची असते, आणि हा पाइप म्हणजे आपल्या भिंतींच्या आतली नि बाहेरची हवा. (लहरींना हवेची वस्तुतः गरज नसते, त्या निर्वात पोकळीतूनही जातात. पण ‘हवा’ हा शब्द सोयीचा आहे, तोच वापरू.)

या हवेत बोलण्याची रीत कशी आहे ते पाहू. आमच्या द्वारसभेला ध्वनिक्षेपक एकच असतो. वक्ते दहा असले तरी एका वेळी बोलायचे एकाने. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही काही कळत नाही आणि दोघांनाही पुन्हा बोलावे लागते. वाय-फायचे तंतोतंत असेच आहे. एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका क्षणी एकच यंत्र बोलू शकते. राऊटरसुद्धा त्याला अपवाद नाही. प्रत्येक यंत्र आधी कान देऊन ऐकते. शांतता असली तर क्षणभर, तोही कमीअधिक, थांबते आणि मग बोलते. समोरून पोच आली तर ठीक. न आली तर आपले बोलणे कुणाच्या तरी बोलण्यावर आदळले असे समजून पहिल्याहून अधिक थांबते नि तेच वाक्य पुन्हा उच्चारते. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात घडते, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. दिसते ते फक्त चक्र.

या शिस्तीची पहिली चाचपणी १९७१ साली हवाई बेटांवर झाली. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी निरनिराळ्या बेटांवरची यंत्रे बिनतारी पद्धतीने एकाच मध्यवर्ती संगणकाला जोडली. आरंभी नियम अगदी मोकळा होता: ज्याला बोलायचे असेल त्याने खुशाल बोलावे, आदळले तर पुन्हा बोलावे. गणित मांडले तेव्हा दिसून आले की अशा मोकळ्या पद्धतीत, फार तर, शेकडा १८ भाग वेळच कामी लागतो. उरलेला आदळण्यात आणि रिकामा जातो. पुढे ‘आधी ऐका, मग बोला’ हा नियम आला, आणि १९९७ साली वाय-फायचे पहिले प्रमाण ठरले त्यात तो घातला गेला. त्या पहिल्या वाय-फायचा सर्वांत मोठा वेग होता सेकंदाला दोन मेगाबिट. आजचा एक मध्यम प्रतीचा कॅमेरा एकटाच तेवढे घेतो.

आता ही हवा कुणाची, हा प्रश्न कामगार चळवळीतल्या माणसाला सुचणे साहजिकच आहे. आपल्यापैकी पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल की घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याखेरीज बिनतारी यंत्र बाळगणेच मना होते. २,४०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा जगभर बराच काळ हलक्या कामांसाठी राखून ठेवलेला होता. अन्न गरम करणारी मायक्रोवेव्ह भट्टी चालते ती याच पट्ट्यात, २,४५० वर. अमेरिकेने १९८५ साली असे पट्टे परवान्याशिवाय दळणवळणाला खुले केले. आपल्याकडे भारत सरकारने २००५ साली नियम करून २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला, आणि २०१८ साली ५,००० मेगाहर्ट्झच्या वरचे बरेच मोठे पट्टे मोकळे केले.

या २००५ च्या नियमात एक अट आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिच्यात आहे. हा पट्टा वापरणाऱ्याने दुसऱ्याला अडथळा करू नये, तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, आणि त्यात अडथळा आला तर संरक्षण मागता येणार नाही, असे ती सांगते. म्हणजे ही गावची गायरान जमीन आहे. गुरे चारायला कुणाची परवानगी नको. पण शेजाऱ्याने शंभर म्हशी सोडल्या तर दाद मागायला कचेरी नाही. कंपनीला फोन करा, ती म्हणेल आमच्या तारेत दोष नाही, आणि पुष्कळदा ते खरेच असते.

हे गायरान आहे तरी केवढे? जेमतेम ८३ मेगाहर्ट्झचे. त्यात चॅनलचे आकडे १ ते १३ असे दिलेले आहेत, त्यामुळे तेरा वाटा आहेत असा समज होतो. तो खोटा आहे. हे आकडे पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर मांडलेले असून वाय-फायला एका वेळी वीस तरी लागतात. एकमेकांना धक्का न लावता बसतील असे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आता सात मजल्यांची, मजल्यावर चार बिऱ्हाडांची एखादी विंग डोळ्यांपुढे आणा. अठ्ठावीस घरे, बहुतेक घरांत एक राऊटर, शेजारच्या विंगचे वेगळेच. आणि वाटा तीन. राऊटरची नावे निराळी, पासवर्ड निराळे, म्हणून प्रत्येकाला वाटते की आपले वाय-फाय स्वतंत्र आहे. नावाने हवा वेगळी होत नाही. तुमचा राऊटर ६ वर आणि शेजाऱ्याचाही ६ वर असेल, तर तुमच्या घरातला टीव्ही शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याचे बोलणे संपेपर्यंत मुकाट थांबतो. त्याहून वाईट म्हणजे कुणी शहाणपणा करून ३ किंवा ८ असा मधला आकडा निवडणे. त्याचे बोलणे दोन्ही बाजूंच्या चॅनलांवर अर्धवट सांडते. शब्द कळत नाहीत म्हणून कुणी थांबत नाही, नुसता गोंगाट वाढतो.

मीरा-भाईंदर हे दाटीचे शहर आहे. २०११ च्या शिरगणतीतच येथील वस्ती आठ लाखांवर होती. शांतीनगरसारख्या भागात इमारतीला इमारत लागून उभी आहे, खिडकीतून शेजारच्या स्वयंपाकघरातली फोडणी हुंगता येते. जेथून वास येतो तेथून लहरीही येतात. खुल्या बंगल्यांच्या वस्तीत जो कॅमेरा सुरळीत चालेल तोच येथे अडखळतो, यात कॅमेऱ्याचा दोष नाही.

आता कॅमेऱ्याच्या स्वभावाकडे वळू. घरातली बाकीची यंत्रे माणसासारखी आहेत. बोलतात, थांबतात, झोपतात. मोबाईलवर बातमी वाचताना तो क्षणभर बोलतो आणि वाचून होईपर्यंत गप्प असतो. सिनेमा पाहतानासुद्धा टीव्ही थोडा साठा आधी करून ठेवतो. सतत चित्र पाठवणारा कॅमेरा मात्र अहोरात्र बोलतो. जिना ओस पडलेला असला तरी ओस जिन्याचे वर्णन करीत राहतो. दोन मेगाबिटांच्या हिशेबाने एका दिवसाचे २१.६ जीबी होतात, महिन्याचे सुमारे ६५०. दोन तासांचा चांगला स्पष्ट चित्रपट चार-पाच जीबीत येतो. म्हणजे एक कॅमेरा रोज चार-पाच चित्रपट बाहेर पाठवतो, आणि ते कुणीही पाहत नाही. चार कॅमेरे असले तर महिन्याला २,६०० जीबी. ज्या योजनेला ‘अमर्याद’ म्हणून विकतात तिच्याही तळटिपेत बहुधा एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग खाली येतो. महिनाअखेरीला मंदावणाऱ्या वाय-फायचे कोडे काही घरांत तरी येथे सुटते. (जे कॅमेरे हालचाल झाली तरच चित्र धाडतात त्यांना हा हिशेब लागू नाही, त्यांचे बोलणे फार थोडे.)

पण खरे नुकसान जीबीचे नव्हे, वेळेचे आहे. द्वारसभेत एखादा वक्ता चांगला खणखणीत बोलतो, पाच मिनिटांत आपले म्हणणे संपवतो. दुसरा लांब उभा, घसा बसलेला. त्याला तेच सांगायला अर्धा तास लागतो, आणि तोवर ध्वनिक्षेपक त्याच्याच हाती. स्वस्त बिनतारी कॅमेरे बहुतेक एकाच अँटेनाचे आणि फक्त २,४०० च्या पट्ट्यात बोलणारे असतात. असा कॅमेरा राऊटरच्या समोर असला तर सेकंदाला ६५ मेगाबिटांपर्यंत बोलतो. पोच, थांबणे, मथळे यांत निम्मे गेले तरी दोन मेगाबिटांचे चित्र तो सेकंदाच्या सोळाव्या हिश्शात धाडून मोकळा होतो. तोच दोन भिंतींपलीकडे, लोखंडी सेफ्टी डोअरच्या बाहेर नेऊन लावा. ऐकू नीट यावे म्हणून तो हळू बोलू लागतो, आणि ही चाल ६.५ मेगाबिटांपर्यंत उतरते. हाती पडतात चार-पाच. तेच चित्र धाडायला आता जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. म्हणजे दर सेकंदाचा निम्मा भाग हा एकटा कॅमेरा खाऊन बसतो, आणि घरातला नवाकोरा महागडा फोन त्याच्या मागे रांगेत उभा राहतो. असे दोन कॅमेरे झाले की रांग संपतच नाही. योजना शंभरची असो की पाचशेची, या हिशेबात तिचा आकडा कोठेही येत नाही, हे मुद्दाम पाहून घ्यावे.

आपल्या घरांची बांधणी या कामी फार प्रतिकूल आहे. लहरींना लोखंडाचे आणि पाण्याचे वावडे. लोखंड त्यांना परतवते, पाणी शोषून घेते. आपल्या दाराला लोखंडी जाळी, खिडकीला ग्रिल, भिंतीत सळया. आणि पाणी एकाआड एक दिवस येण्याची सवय लागलेली असल्यामुळे माळ्यावर टाकी, मोरीत पिंप. केबलवाला राऊटर कोठे बसवतो? जेथे तार आत येते तेथे. म्हणजे टीव्हीमागच्या कोपऱ्यात, किंवा दारावरच्या माळ्यावर, टाकीच्या बगलेला. मग आपण म्हणतो, आतल्या खोलीत रेंज येत नाही.

आणखी एक अडचण पहिल्या टप्प्याची आहे; ती थोडक्यात सांगतो. आपल्या भागात जे फायबर घरोघर येते ते पुष्कळ ठिकाणी एकाच तारेला फाटे फोडून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना दिलेले असते, आणि त्या प्रचलित पद्धतीत घराकडे येणारा रस्ता सुमारे अडीच हजार मेगाबिटांचा तर घरातून जाणारा त्याच्या निम्मा असतो. काही योजनांत जाणारा वेग कंपनी याहूनही कमी ठेवते. कॅमेरे भरतात तो नेमका हा जाणारा रस्ता. ‘मी तर फक्त पाहतो आहे, पाठवत काहीच नाही, मग माझे का अडते?’ असे कुणी विचारील. पार्सल घेणाऱ्याने पोचपावती परत धाडल्याशिवाय पाठवणारा पुढचे पार्सल सोडत नाही. आणि तुमच्या पावत्या कॅमेऱ्यांच्या गाठोड्यांमागे रांगेत अडकलेल्या असतात. जाणारा रस्ता तुंबला की येणाराही मंदावतो तो यामुळे.

भाईंदर पूर्वेच्या एका सोसायटीची हकीकत सांगतो. नाव घेण्याचे कारण नाही. तेथे रात्रपाळीला दोन वॉचमन होते. कमिटीने खर्च कमी करण्यासाठी एकाला काढले आणि त्याच्या पगारातून सहा बिनतारी कॅमेरे घेतले. तीन महिन्यांनी आवारातून एक मोटारसायकल गेली. चित्र काढून पाहावे तर रात्री पावणेदहा ते सव्वादहा या वेळात फाटकावरच्या कॅमेऱ्याचे काहीच नोंदलेले नाही. संशय आला तो उरलेल्या वॉचमनवर. त्यानेच कॅमेरा बंद केला असे म्हणून त्याला घरी बसवले. तो माणूस माझ्याकडे आला. मी कमिटीला एवढेच म्हटले की मागच्या पंधरवड्याचे चित्र आधी आपण मिळून पाहू. पाहिले. फाटकावरचे चित्र रोज रात्री आठ ते अकराच्या दरम्यान तुटत होते. दुपारी कधीच तुटत नव्हते. आठ ते अकरा म्हणजे घरोघर मालिका आणि क्रिकेट चालू असण्याची वेळ. कॅमेरा फाटकावर, राऊटर कमिटीच्या खोलीत, आणि मध्ये पंपघर नि पाण्याची टाकी. वॉचमनने कॅमेऱ्याला हात लावला नव्हता; हवेत त्याला बोलायला जागाच उरत नव्हती. त्या माणसाला कामावर परत घेतले. चोरीला गेलेली गाडी मात्र सापडली नाही.

वाय-फाय मंद चालले तर सिनेमा अडतो, एवढ्यावर भागत असते तर मी हा विषय घेतलाही नसता. येथे माणसाच्या जागी यंत्र उभे केले आहे, आणि ते यंत्र नेमके गर्दीच्या वेळी मुके होते. रखवाली हेही काम आहे, त्यालाही वेतनाचे आणि कल्याणाचे नियम असावेत, हे मान्य होऊन खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९८१ साली. कॅमेरा फाटक उघडत नाही, आजारी म्हाताऱ्याला रिक्षात बसवत नाही, पंप जळाल्याचा वास त्याला येत नाही. आणि चोराने जिन्याखालच्या मीटरपेटीतला खटका खाली पाडला तर राऊटर बंद, राऊटर बंद म्हणजे कॅमेरा आंधळा. कॅमेरे लावूच नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. वर सांगितलेल्या वॉचमनची अब्रू वाचली ती कॅमेऱ्याच्याच नोंदीने. पण लावायचे तर ते चालतील असे लावावेत.

यावर जे उपाय बाजारात विकले जातात त्यांपैकी दोन मुळीच उपाय नव्हेत. एक, एक्स्टेंडर नावाची छोटी पेटी. ती ऐकते आणि तेच पुन्हा बोलते. साध्या पेटीत दोन्ही कामे एकाच चॅनलवर होतात, म्हणजे प्रत्येक वाक्य हवेत दोनदा उच्चारले जाते. रेंजच्या रेघा वाढतात, वेळ दुप्पट खर्ची पडतो. दुसरा, कॅमेऱ्यांसाठी त्याच राऊटरवर वेगळ्या नावाचे वाय-फाय काढणे. सुरक्षिततेसाठी ते चांगले आहे, पण वेगासाठी निरुपयोगी. हवा तीच राहते.

खरा उपाय जुनाच आहे: तार. जो कॅमेरा जागचा हलत नाही त्याला बिनतारी ठेवण्याचे कारणच काय? बिनतारी सोय ही फिरणाऱ्या वस्तूंसाठी. शंभर मीटरपर्यंत साधी तांब्याची नेटवर्क केबल चालते, आणि त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही देता येते. २००३ पासून त्याचे प्रमाण ठरलेले आहे. त्यामुळे फाटकावर वेगळा प्लग काढावा लागत नाही, आणि कमिटीच्या खोलीत एक बॅटरी ठेवली की वीज गेली तरी पहारा चालू राहतो. चित्र सोसायटीच्याच पेटीत साठवावे, बाहेर धाडू नये. कुणाला फोनवर पाहायचे असेल तेव्हाच ते बाहेर जाईल.

घरातल्या एकट्यादुकट्या कॅमेऱ्याला तार ओढणे जमत नसेल, तर त्याचे बोलणे कमी करावे. सतत पाठवण्याऐवजी हालचालीपुरते ठेवावे. नोंद कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर घ्यावी. सेकंदाला पंचवीस चित्रांऐवजी दहा-बारा पुरतात, जिन्यात कुणी नाटक करीत नसते. एच-२६५ नावाची नवी बांधणी असली तर तेच चित्र जवळपास निम्म्यात मावते. राऊटर माळ्यावरून खाली काढून घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, पाण्यापासून दूर ठेवावा. टीव्ही आणि फोन ५,००० च्या पट्ट्यावर न्यावेत. तो भिंतीपलीकडे फारसा पोचत नाही, पण म्हणूनच शेजाऱ्याचाही आपल्याकडे येत नाही, आणि तेथे चॅनल पुष्कळ आहेत. दोष कोठे आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. रात्री नऊ वाजता सगळ्या कॅमेऱ्यांचे प्लग काढा आणि राऊटरजवळ उभे राहून वेग मोजा. मग एकेक लावत जा. ज्याच्या लावण्याने वेग कोसळतो तो लांबून बोलणारा वक्ता. सगळे काढूनही वेग येत नसेल तर राऊटरला तारेने जोडून मोजा. तारेवर येतो आणि हवेत येत नाही, तर शेजारच्या घरांकडे वळावे लागेल.

तेथे एकट्याचे काही चालत नाही. अँड्रॉइड फोनवर असे फुकट कार्यक्रम मिळतात की जे आजूबाजूचा कोणता राऊटर कोणत्या चॅनलवर आहे ते दाखवतात. एका मजल्याच्या चार घरांनी बसून ठरवावे: एकाने १, दुसऱ्याने ६, तिसऱ्याने ११, चौथा त्यांच्यापैकी जो सर्वांत लांब त्याच्या चॅनलवर. वरच्या मजल्याने क्रम फिरवून घ्यावा. काही राऊटर दुप्पट रुंद, चाळीस मेगाहर्ट्झचा पट्टा घेतात; २,४०० मध्ये ते बंद करून वीसच ठेवावेत, नाहीतर एकच घर दोन वाटे खाते. हा करार कागदावर करायला कुणाचा शिक्का लागत नाही. दारादारावरच्या आठ कॅमेऱ्यांऐवजी जिन्यात सोसायटीचे दोन तारेचे कॅमेरे लावले, तर आठही वक्ते आपोआप कमी होतात. त्यात आणखी एक भांडण मिटते. समोरच्या दारावरचा कॅमेरा आपल्या दारात कोण आले-गेले तेही टिपत असतो. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने सांगितले, पण ते जिन्यापर्यंत अजून उतरलेले दिसत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईची येण्याची वेळ कॅमेऱ्यावरून मोजून पगार कापल्याची प्रकरणे आमच्याकडे येतात. ती बाई हजेरी लावायला राजी आहे. तिचे म्हणणे इतकेच की आधी सांगा. सोसायटीचा कॅमेरा असला म्हणजे तो कोठे पाहील, नोंद किती दिवस राहील आणि कोण पाहील हे सभेत ठरवावे लागते, आणि ठरावाच्या वहीत येते.

पासवर्डाबद्दल दोन शब्द. २०१६ साली मिराई नावाच्या एका दुष्ट प्रणालीने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. युक्ती काही फार हुशारीची नव्हती: कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेलाच नव्हता. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला याच यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील एका कंपनीवर इतका मारा केला की तिच्यावर अवलंबून असलेली अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांच्या भिंतीवरचे कॅमेरे या फौजेत होते त्यांना पत्ताही नव्हता. फार तर त्या दिवशी वाय-फाय हळू चालल्याचे जाणवले असेल. आपल्या सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची चाचणी सक्तीची केली आहे. तेव्हा नवा कॅमेरा घेताना त्याची खात्री करावी, आणि जुन्याचा पासवर्ड आज रात्रीच बदलावा.

ज्या सोसायट्यांना तारेचे काम करायचे आहे त्यांनी ते मे महिन्यात उरकून घ्यावे. डक्टमधून केबल ओढायला, फाटकापर्यंत पाइप पुरायला आणि सांधे बंद करायला कोरडी जमीन लागते. जून उजाडला की भाईंदरच्या खालच्या भागात चर खणला की पाण्याने भरतो. केबल निव्वळ तांब्याची आहे ना ते पाहून घ्यावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण लांबवर वीज नेताना ती दगा देते. आणि कॅमेऱ्यांची जागा ठरवताना रात्रपाळीच्या वॉचमनला सोबत घ्यावे. अंधार कोठे पडतो, गाड्या कोठे उभ्या राहतात आणि कुंपणावरून कोठून उडी मारता येते, हे त्याला माहीत असते.